माशाच्या यकृतासाठी एसजीपीटी-एसजीओटीचा संच: तीन वर्षांच्या वापरानंतर

जड धातूंमुळे माशांच्या यकृतातील एन्झाइमांचे काय होते हे पाहायचे ठरले, की महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतून पहिली मागणी जाते ती पॅथॉलॉजीवाले वापरतात त्या एसजीपीटी आणि एसजीओटी या दोन यकृत-एन्झाइमांच्या (ट्रान्सअमिनेज) तपासणी संचांची. हे संच माणसाच्या रक्तजलासाठी बनवलेले असतात, खोक्यावर तसे छापलेलेही असते, आणि तरीही आपल्याकडे मत्स्यविषशास्त्रावर होणाऱ्या कामाचा मोठा भाग त्यांच्यावरच चालतो. आम्ही गेली तीन वर्षे भारतीय बनावटीचा असा एक संच कॅडमियम क्लोराइडच्या पाण्यात ठेवलेल्या रोहू आणि चिलापी या माशांच्या यकृतावर व रक्तजलावर वापरत आहोत. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे सांगितलेल्या अडचणींपैकी बहुतेक या एका कंपनीच्या नाहीत, या जातीच्या सगळ्याच संचांच्या आहेत. ज्या एकदोन पुरवठादाराच्या आहेत, त्या कोणत्याही पुरवठादाराकडून होऊ शकतात. आमचे मत आधीच सांगून टाकतो: संच चांगला आहे, विकत घ्यावा, पण त्याच्या माहितीपत्रकावर डोळे मिटून काम करू नये. पाचपैकी साडेतीन गुण.

खोक्यात दोन बाटल्या येतात. एसजीपीटीच्या संचात पहिल्या बाटलीत ट्रिस बफर, ॲलनिन आणि लॅक्टेट डीहायड्रोजनेज असते, दुसरीत ऑक्सोग्लुटारेट आणि एनएडीएच (३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारा, अभिक्रियेत खर्ची पडणारा सहघटक). चार भाग पहिले आणि एक भाग दुसरे मिसळून कामाचे द्रावण तयार करायचे, त्याचे १ मिली क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत) घेऊन ३७ अंशांवर आणायचे, त्यात १०० मायक्रोलिटर नमुना घालायचा, एक मिनिट थांबायचे आणि मग ३४० नॅनोमीटरवर दर मिनिटाला शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषते तो आकडा) किती उतरतो ते तीन मिनिटे पाहायचे. नमुन्यातील एन्झाइम ॲलनिनपासून पायरुव्हेट बनवते, लॅक्टेट डीहायड्रोजनेज त्या पायरुव्हेटचे लॅक्टेट करते, आणि ते करताना एनएडीएच खर्ची पडते. म्हणजे आपल्याला जे दिसते ते मूळ एन्झाइमाचे काम नसून त्याच्या मागे धावणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमाने केलेला खर्च असतो. एसजीओटीमध्ये ॲलनिनऐवजी ॲस्पार्टेट आणि लॅक्टेटऐवजी मॅलेट डीहायड्रोजनेज, बाकी रचना तीच. ही दुहेरी साखळी नीट ध्यानात ठेवली, तर या संचाच्या निम्म्या खोड्या आपोआप उलगडतात.

पहिली खोडी आम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटली. आमच्या संशोधक विद्यार्थिनीने यकृताचा तुकडा ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये, बर्फात बुडवलेल्या काचेच्या नळीत टेफ्लॉनच्या दांड्याने घोटला, शीत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि वरचे निवळ द्रावण माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे १०० मायक्रोलिटर थेट क्युव्हेटमध्ये सोडले. सेमी-ऑटो ॲनालायझरच्या पडद्यावर रेष सपाट. उत्तर एकेरी आकड्यात, आणि शेजारी यंत्राने आपणहून छापलेली माणसाची मर्यादा: ४० युनिटपर्यंत. कॅडमियमच्या माशात तसेच आणि साध्या पाण्यातल्या माशातही तसेच. ती म्हणाली, "सर, कंट्रोलच्या माशाचंपण यकृत गेलंय का?"

यकृत गेले नव्हते, एनएडीएच संपले होते. हिशेब मांडला की लगेच दिसते. यकृताच्या द्रावणात एसजीपीटीची क्रियाशीलता लिटरला साडेचार हजार युनिटांच्या घरात आहे असे धरू. क्युव्हेटमध्ये ते अकरा पट पातळ होते, म्हणजे चारशेच्या आसपास युनिटे उरतात, आणि तेवढी युनिटे मिनिटाला लिटरमागे ०.४ मिलिमोल एनएडीएच खातात. प्रमाण पद्धतीत एनएडीएच असते लिटरला ०.१८ मिलिमोल. ते साधारण २७ सेकंदांत संपते आणि यंत्र मोजायला सुरुवात करते साठाव्या सेकंदाला. जेवणावळ उठून गेल्यावर पंगत मोजायला येण्यासारखे हे आहे. माणसाच्या रक्तजलात ही वेळ क्वचित येते, कारण तिथे एन्झाइम पेशीबाहेर गळालेले, अल्प प्रमाणात असते; आपण मात्र ज्या भांड्यातून ते गळते ते भांडेच घोटून घालत असतो.

अगदी शून्य उत्तर आले तर निदान शंका तरी येते. खरा धोका अर्धवट पातळ केलेल्या नमुन्यात आहे. दहा पट पातळ केलेला कंट्रोलचा नमुना तीन मिनिटे जेमतेम टिकतो, पण ज्या माशात एन्झाइम वाढलेले आहे त्याचे एनएडीएच दीड-दोन मिनिटांत संपते, उरलेला वेळ रेष सपाट राहते आणि सरासरी काढणारे यंत्र त्याचे उत्तर कंट्रोलच्या बरोबरीने किंवा त्याहूनही कमी दाखवते. मग प्रबंधात वाक्य येते की कॅडमियममुळे यकृतातील एसजीपीटी घटले. प्रत्यक्षात ते वाढलेले असू शकते. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत आता कोणताही नमुना आधी २५, ५० आणि १०० पट पातळ करून पाहिला जातो, तिन्हींची उत्तरे पातळपणाने गुणल्यावर जुळली तरच पुढे जायचे, आणि उत्तराआधी यंत्रावरची रेष डोळ्यांनी पाहायची. माहितीपत्रकात यावर एकच ओळ आहे: मर्यादेपेक्षा जास्त उत्तर आल्यास नमुना सलाइनने पातळ करावा. पण इथे अडचण अशी की एन्झाइम फारच जास्त असले की उत्तर मर्यादेच्या वर जातच नाही, ते खाली येते. एवढे एक वाक्य जास्त छापले असते, तर आमचा पहिला महिना वाचला असता. माहितीपत्रकासाठी अर्धा गुण आम्ही इथेच कापला.

गणिताची बाजू सोपी आहे. एनएडीएचचा मोलर शोषण-गुणांक ६२२०, म्हणून १ मिली द्रावणाला १०० मायक्रोलिटर नमुना या प्रमाणात गुणक येतो १७६८. समजा ५० पट पातळ नमुन्याचा शोषणांक मिनिटाला ०.०५० ने उतरला, तर ८८.४ गुणिले ५०, म्हणजे लिटरला ४४२० युनिटे, मिलीला ४.४२. मूळ द्रावणात प्रथिने मिलीला १० मिलिग्रॅम असतील, तर मिलिग्रॅम प्रथिनामागे ०.४४ युनिट. हा शेवटचा भागाकार संचात नाही, त्यासाठी लाउरी किंवा ब्रॅडफर्डची प्रथिन चाचणी वेगळी करावी लागते, आणि ती टाळून नुसती लिटरमागे युनिटे छापणारे लोक यकृत किती घोटले गेले हेच मोजत असतात. काही संच गुणक १७४६ देतात. तो शोषण-गुणांकाच्या किंचित वेगळ्या किमतीमुळे येतो. फरक क्षुल्लक आहे, फक्त प्रयोगाच्या मध्यावर संच बदलला तर गुणकही तपासावा.

आता मुद्दा असा, की आकडा बरोबर आला तरी त्याचा अर्थ काय. कल्ल्यांतून आणि आतड्यातून रक्तात शिरलेला कॅडमियम यकृतात येऊन साठतो. तिथे मेटॅलोथायोनिन नावाचे, सिस्टीनने भरलेले एक लहान प्रथिन त्याला बांधून ठेवते आणि धातू वाढू लागला की यकृत हे प्रथिन जास्त बनवू लागते. ही कोठडी भरली, की उरलेला धातू इतर प्रथिनांच्या गंधक-गटांना चिकटतो, पेशीचे रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनची पुंजी आटते, पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण होते आणि पटल फाटू लागते. या दोन टप्प्यांत आपले एन्झाइम दोन उलट दिशांना जाते. आधीच्या टप्प्यात ताणाखालचा मासा अमिनो आम्ले मोडून ऊर्जा आणि ग्लुकोज मिळवतो, त्यासाठी ही ट्रान्सअमिनेज एन्झाइमे वाढवतो. यकृतातला आकडा चढतो. नंतरच्या टप्प्यात तेच एन्झाइम फाटक्या पेशींतून रक्तात गळते. यकृतातला आकडा उतरतो आणि रक्तजलातला चढतो. मधल्या कुठल्यातरी दिवशी यकृताचा आकडा कंट्रोलइतकाच दिसणे सहज शक्य आहे, आणि त्या दिवशीचा मासा निरोगी नसतो.

म्हणून एकाच माशाचे यकृत आणि रक्तजल दोन्ही तपासल्याशिवाय या संचाचा खर्च करण्यात अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. इथे संचाची जमेची बाजू दिसते. रक्तजलासाठी तो बनलेलाच असल्याने शेपटीच्या शिरेतून काढलेल्या अर्धा मिली रक्तातही एसजीपीटी, एसजीओटी आणि प्रथिने असे सगळे बसते. आम्ही फ्लोसेलच्या यंत्रावर द्रावण आणि नमुना दोन्ही निम्मे करून काम करतो, प्रमाण तेच राहते आणि एका बाटलीत दुप्पट चाचण्या होतात. रक्तजल लालसर निघाले तर मात्र नमुना टाकून द्यावा, कारण तांबड्या पेशींत एसजीओटी भरपूर असते आणि पेशी फुटल्यामुळे वाढलेला आकडा धातूच्या नावावर जमा होतो. सुई लावताना हात थरथरला की विषबाधा वाढते, असे आम्ही वर्गात म्हणतो. एसजीओटीचा एक भाग मायटोकॉन्ड्रियात असतो, त्यामुळे दोन्ही एन्झाइमांचे परस्पर प्रमाण पाहणे उपयोगी पडते; पण माशात ही दोन्ही एन्झाइमे स्नायू, वृक्क आणि कल्ल्यांतही असतात, तेव्हा रक्तजलातली वाढ पाहून लगेच यकृताकडे बोट दाखवू नये.

संचाशी थेट संबंध नसलेली, पण संचाच्या माथी मारली जाणारी एक गोष्ट इथेच सांगतो. पकडणे, गाडीतून आणणे, गर्दीत ठेवणे यांनी माशाचे कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि ते एकटेच ट्रान्सअमिनेज वाढवते. आमच्या पहिल्या तुकडीत कंट्रोलचे मासेच आठवडाभर चढउतार दाखवत राहिले आणि आम्ही संचाला दोष देत बसलो. आता मासे किमान पंधरा दिवस टाकीत रुळू देतो. पाणीही एकाच ठिकाणचे वापरतो, कारण दख्खनच्या बोअरचे कठीण पाणी आणि पावसाचे मऊ पाणी यांत तेवढ्याच कॅडमियमचा मार सारखा नसतो. कॅल्शियम कल्ल्यांवर कॅडमियमची वाट अडवतो.

आणखी एक अडचण फक्त जड धातूंच्या कामात येते आणि आम्हाला ती सर्वांत उशिरा सुचली. मोजमाप करणारे लॅक्टेट डीहायड्रोजनेज हेदेखील एन्झाइमच आहे. यकृताच्या द्रावणाबरोबर धातूही क्युव्हेटमध्ये जातो, आणि पाऱ्यासारखा गंधक-गटांना घट्ट चिकटणारा धातू असेल तर तो संचातल्या एन्झाइमालाच मारू शकतो. मग मासा ठणठणीत आणि मोजपट्टी आजारी, अशी अवस्था होते. यासाठी आम्ही एक साधी कसोटी ठेवली आहे. ज्ञात क्रियाशीलतेचे नियंत्रण रक्तजल धातूच्या माशाच्या द्रावणात निम्मे-निम्मे मिसळायचे. उत्तर दोन्हींच्या सरासरीइतके आले तर संच शाबूत, कमी आले तर धातू मोजमापात लुडबुड करतो आहे. कॅडमियमच्या आमच्या नमुन्यांत, ५० पट पातळ केल्यावर, असा फरक दिसला नाही. पातळ करण्याचा हा दुसरा फायदा. पाऱ्यावर काम करणाऱ्यांनी मात्र ही कसोटी रोज करावी. शिवाय घोटलेल्या यकृतात आधीचेच पायरुव्हेट असते, आणि अमोनिया व ग्लुटामेट डीहायड्रोजनेजही असतात, तेही एनएडीएच खातात. म्हणून ॲलनिन नसलेला एक कोरा नमुना हवा. संचात ॲलनिन पहिल्या बाटलीत आधीच मिसळलेले असल्याने असा कोरा नमुना संचातून करता येत नाही, बफर वेगळा बनवावा लागतो. कंपनीने ॲलनिन वेगळ्या बाटलीत दिले तर संशोधकांची मोठी सोय होईल. पण आम्ही तिचे किती गिऱ्हाईक!

त्याच कंपनीचा अल्कलाइन फॉस्फटेजचा संचही आम्ही घेतला होता. पॅरानायट्रोफिनाइल फॉस्फेटचा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर, वापरायला सर्वांत सोपा आणि जड धातूंसाठी सर्वांत फसवा. या एन्झाइमाच्या गाभ्यात जस्त असते आणि कॅडमियम त्या जागेवर बसू शकतो, म्हणून त्याची घट हा एक चांगला संकेत मानतात. पण संचाच्या बफरमध्ये मॅग्नेशियम आणि काहींत जस्तही घातलेले असते, म्हणजे धातूने जे काढून घेतले ते आपण क्युव्हेटमध्ये परत देतो. खरे नुकसान कमी दिसण्याची शक्यता त्यामुळे राहते. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या, धातू बांधणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेतले तर उलटा प्रकार होतो. ईडीटीए जस्त ओढून घेतो आणि निरोगी माशाचेही एन्झाइम मेलेले दिसते. हा संच आम्ही पुन्हा मागवला नाही.

जुन्या पद्धतीशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. राइटमन आणि फ्रँकेल यांची १९५७ची रंगपद्धत अजून अनेक महाविद्यालयांत चालते, आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. एसजीपीटीला ३० मिनिटे, एसजीओटीला ६० मिनिटे ३७ अंशांवर ठेवायचे, डायनायट्रोफिनाइल हायड्राझिन घालायचे, अल्कली घालून तपकिरी रंग ५०५ नॅनोमीटरवर साध्या कलरीमीटरने वाचायचा. एनएडीएच नाही, मागे धावणारे एन्झाइम नाही, त्यामुळे वरच्या दोन खोड्याही नाहीत. वीज गेली तरी गरम पाणी घालून परीक्षानळ्या सांभाळता येतात, तर आमच्या यंत्रावर मोजणी चालू असताना वीज गेली की नमुना फुकट. दोष असा, की ऑक्सोग्लुटारेट स्वतःही रंग देते, कोरी नळीच गडद येते आणि एन्झाइम जास्त असेल तिथे आलेख वाकतो. लहानसा फरक पकडायचा असेल तर नवा संचच हवा. धातूची तीव्र मात्रा आणि कंट्रोल एवढाच फरक दाखवायचा असेल, आणि खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून होणार असेल, तर जुनी पद्धत पुरते.

आता पुरवठादाराबद्दल. दुसऱ्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात खोका आला तेव्हा थर्माकोलच्या पेटीतील जेलपॅक गरम पाण्याच्या पिशव्यांसारखे झाले होते. कामाच्या द्रावणाचा शोषणांक पाहिला तर ०.७, माहितीपत्रक म्हणते १.० च्या खाली असल्यास वापरू नये. एनएडीएच वाटेतच गेले होते. फोन केल्यावर पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, हे किट सीरमसाठी आहे, तुम्ही माशाला वापरता म्हणून प्रॉब्लेम येतोय." अजून एकही मासा त्या बाटलीजवळ गेला नव्हता. शोषणांकाचे छायाचित्र पाठवल्यावर बदली खोका मिळाला, पण पाच आठवड्यांनी, आणि तोवर टाकीतल्या माशांचा तिसावा दिवस उलटून गेला होता. तेव्हापासून खोका उघडताच, पावतीवर सही करण्याआधी, कोऱ्या द्रावणाचा शोषणांक घ्यायचा नियम केला आहे. दोन मिनिटांचे काम आहे.

अनेकांचा प्रश्न असतो, की उजनीच्या पाण्यातले मासे आणून या संचावर तपासता येतील का. भीमेच्या या जलाशयात मुळा-मुठेमार्गे पुण्याचे पाणी येते, त्यामुळे कुतूहल स्वाभाविक आहे. जिवंत मासे मिळाले तर येतील. भिगवणच्या बाजारातल्या बर्फावरच्या ढिगातली चिलापी मात्र या कामाची नाही, कारण मेलेल्या माशात एन्झाइम काही तासांतच यकृतातून रक्तात झिरपते आणि मग धातूने गळाले की मरणाने, हे कोणताही संच सांगू शकत नाही. यकृत काढताना पित्ताशय फुटू देऊ नये, हेही लक्षात ठेवावे. हिरवे पित्त एकदा यकृतावर पसरले की कितीही धुतले तरी सुरुवातीचाच शोषणांक चढलेला येतो. रोहूचे यकृत आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेले असते, त्यामुळे नवख्या हाताकडून पित्ताशय हमखास फुटते. शिकण्यासाठी चिलापी बरी.

या डिसेंबरासाठी आम्ही पुन्हा हाच संच मागवला आहे, पण मोठ्या बाटल्यांऐवजी लहान बाटल्यांचा, कारण मिसळलेले द्रावण फ्रीजमध्येही हळूहळू उतरते आणि मोठी बाटली आमच्याकडे मुदतीत कधीच संपली नाही. दर चाचणीमागे थोडे जास्त पैसे पडतात. खोका सोमवारी रवाना करावा, असे मागणीपत्रात यावेळी ठळक लिहिले आहे, म्हणजे तो शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही.